बसकण

तितवी कालव्याच्या काठच्या गावांत उभ्याने काम करणारं माणूस आता शोधावं लागे. किराणा दुकानदार उंच स्टुलावर बसून आकडीच्या काठीने वरचे डबे काढी. शाळेत गुरुजी चाकांच्या खुर्चीवरून फळ्यासमोर इकडून तिकडे सरकत. मारुतीच्या देवळात आरती बसून होई आणि प्रदक्षिणा पुजारी एकटाच, तोही पोरसवदा असल्यामुळे, सगळ्यांच्या वतीने घाली. कुणी ख्यालीखुशाली विचारली तर लोक सहज सांगत, "मला बसकण लागली गेल्या चैत्रात." साखरेचा आजार सांगावा तसं.

सरकारी भाषेत तिला 'पादविश्राम आदेश' म्हणत. गावांनी तिची बसकण केली होती, आणि पुढे अधिकारीही तोच शब्द वापरू लागले.

बसकण येई ती नाडीमोज्यातून. दिसायला तो जाड लोकरी मोजाच. गुडघ्यापर्यंत चढवायचा, दंडाला एक पट्टी बांधायची आणि थोडा वेळ उताणं पडून राहायचं. हृदयातून निघालेलं रक्त दंडात ज्या जोराने पोचतं, साधारण त्याच जोराने ते निरोगी माणसाच्या घोट्यातही पोचतं. पायाच्या धमनीत चरबीचा आणि चुन्याचा थर साचत गेला की घोट्यापाशी तो जोर कमी पडतो. ही तुलना डॉक्टर फार पूर्वीपासून करत आले होते. नाडीमोज्याने त्यापुढची मजल मारली. त्याच्या विणीतले बारीक संवेदक नाडीची लाट टिपत. ती लाट कशी चढते, कुठे अडखळते, किती रेंगाळत उतरते, यावरून तो मोजा सांगे की हा पाय किती वर्षांत काळा पडेल. या अंदाजाला 'पायभाकीत' असं नाव होतं.

मोजा पिशवीत घालून कुठेही नेता येई. दवाखाना नको, वीज नको, डॉक्टरही नको. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाच्या पायात वर्षातून एकदा तो चढे. भाकीत वाईट निघालं की दुसऱ्या दिवशी घोट्याला एक कडं बसे आणि मग पुन्हा मोजा चढत नसे. हे कडं पावलं मोजी. ठरवून दिलेल्या पावलांपेक्षा जास्त चाललं, की घराच्या आरोग्यकार्डावरचे फुकट उपचार बंद होत, आणि ते एकट्याचे नाहीत, कार्डावरच्या सगळ्यांचे. नियमामागचं कारण कुणालाही पटण्यासारखं होतं. ज्या पायाला रक्त कमी पोचतं त्या पायाला साधा काटा लागला तरी जखम भरत नाही, ती सडते. मग असा पाय शेतात, दगडधोंड्यांत कशाला न्यायचा? थकलेल्या पायाला विसावा द्यावा, यात चूक काय?

कानिफनाथ घुले या कालव्यावर पाटकरी होता. कालव्याच्या भरावावरून चालत जायचं, कुठे पाणी झिरपतंय का बघायचं, पाळीप्रमाणे चाऱ्यांची, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या पोटकालव्यांची, दारं उघडायची आणि बंद करायची, हे त्याचं काम. दोन खेड्यांमधला भराव तो रोज तुडवी. एकोणपन्नासाव्या वर्षी नाडीमोज्याने त्याला सांगितलं की उजवा पाय चार वर्षांच्या आत जाईल. तेव्हा पायात म्हणण्यासारखं काही दुखत नव्हतं. फार भरभर चाललं तर पोटरीत गोळा येई आणि थांबलं की जाई, एवढंच. त्याच दिवशी त्याच्या थोरल्या बहिणीचीही तपासणी झाली. नवरा गेल्यापासून अलका माहेरी, वरच्या पठारावर एकटी झोपडी बांधून राहत होती आणि शेळ्या पाळत होती. तिचं नाव भावाच्याच कार्डावर होतं. तिची नाडी भावापेक्षाही अडखळती निघाली. दोघांच्या घोट्यांना कडी बसली.

कानिफला सेक्शन ऑफिसात खुर्ची मिळाली. समोरच्या पडद्यावर चाऱ्यांची दारं दिसत, बटण दाबलं की उघडत. सुरुवातीला त्याला ती बढतीच वाटली. वर्षभरात पोटरी उठता-बसताना दुखू लागली. पुढच्या हिवाळ्यात पाऊल गार पडलं, अंगठ्याशी एक फोड आला आणि तो बरा होईना. बायको शीतल रोज कोमट पाण्याने पाय धुई. अंगठा काळा पडला तेव्हा गाडी येऊन त्याला तालुक्याला घेऊन गेली आणि गुडघ्याखाली पाय कापला. चार वर्षं व्हायला अजून अवकाश होता. घरी आल्यावर कानिफ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे की मोज्याने आधीच सांगितलं म्हणून निदान जीव वाचला, नाहीतर विष अंगभर गेलं असतं. त्याच्या बोलण्यात कृतज्ञता होती, आणि ती खरी होती.

नाडीमोज्याचं गणित बसवणाऱ्यांत डॉ. मृण्मयी तगारे होत्या. लाटेच्या आकारावरून भाकीत काढण्याचा मूळ भाग त्यांचाच. मोजे चढवण्याचं सरकारी अभियान सुरू झालं त्या वर्षी दहांतली सहा भाकितं खरी ठरली होती. आता शंभरात चौऱ्याण्णव ठरत. दर वर्षी पुण्यात समारंभ होई आणि अभियानाचे संचालक डॉ. सामंत सांगत की आपलं यंत्र शिकतंय. मृण्मयीबाई पहिल्या रांगेत बसून टाळ्या ऐकत. एका समारंभात मात्र त्यांच्या मनात एक साधी गोष्ट आली आणि मग ती जाईना. ते गणित त्यांनी सहा वर्षांत एकदाही बदललं नव्हतं. मग शिकत होतं कोण?

त्यांनी खऱ्या ठरलेल्या भाकितांकडे पाहणं सोडून दिलं आणि चुकलेल्यांचा माग काढायला सुरुवात केली. ज्यांचा पाय जायला हवा होता आणि गेला नाही, अशी माणसं थोडी होती. त्यांतली एक कानिफची बहीण, पठारावरची अलका दराडे.

अलका शेळ्या घेऊन उतरणीला लागली होती तेव्हा मृण्मयीबाईंनी तिला गाठलं. बाईंच्या छातीवरचा अभियानाचा बिल्ला पाहून ती जागच्या जागी उभी राहिली आणि कुणी काही विचारायच्या आत चूक कबूल करू लागली. शेळ्या कुणाच्या जिवावर सोडायच्या, म्हणून ती चालत होती. कडं काढलं की कळतं, असं तिला कुणीसं सांगितलं होतं, म्हणून तिने ते साबण लावून घोट्यावरून सोडवलं आणि झोपडीपाशीच राहणाऱ्या म्हाताऱ्या शेळीच्या पायात घातलं होतं. शेळी दिवसभरात पाण्याच्या पाटीपर्यंत जाई आणि परत येई. पावलं बरोबर भरत. हे सांगताना अलकाला रडू येत होतं.

मृण्मयीबाईंनी तिला शेजारी बसवलं, पाणी दिलं आणि मोजा चढवला. मग दुसऱ्यांदा चढवला. घोट्याशी येणारी लाट चार वर्षांपूर्वीपेक्षा उंच होती. पाऊल कोमट होतं. टाचेला भेगा होत्या, पण जखम एकही नव्हती.

चालताना दुखायचं का, असं त्यांनी विचारलं.

"पयल्या वर्साला लई," अलका म्हणाली. "त्या बाभळीपोतर गेलं का पोटरीत गोळा यायचा. मग धोंड्यावर बसायचं. गोळा उतरला का उठायचं. शेरडं थांबत्यात व्हय कुणासाठी? आता पार टेकाडापोतर जाती, काय व्हत न्हाई."

मृण्मयीबाईंनी बाभळीपासून टेकाडापर्यंतचं अंतर नजरेने मोजलं. अलकाला वाटलं, शिक्षा काय करायची याचा त्या विचार करताहेत.

पुढच्या महिन्यात त्या उरलेल्यांना भेटल्या. एक कासारीण गावोगाव बांगड्या भरत फिरत होती. एकजण कडं तोडून गुजरातेत वीटभट्टीवर पळाला होता. एका म्हाताऱ्याला नुसता चालायचा नाद होता आणि त्याचा मुलगा अभियानातच कामाला असल्यामुळे कुणी विचारत नव्हतं. ज्यांची भाकितं चुकली ती सगळी चालणारी माणसं होती. जी बसली त्यांची भाकितं खरी ठरली. दर वर्षी कडी जास्त घट्ट झाली, माणसं जास्त निमूट बसू लागली, आणि आकडा साठावरून चौऱ्याण्णववर गेला. यंत्र होतं तिथेच होतं. जग त्याच्या म्हणण्याप्रमाणे वागायला लागलं होतं.

त्यांनी हे सगळं डॉ. सामंतांपुढे ठेवलं. सामंत वाईट माणूस नव्हते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मग सांगितलं की यात नवं काही नाही. दुखेपर्यंत चालवावं, थांबवावं, पुन्हा चालवावं, हा या आजाराचा जुनाच उपचार आहे आणि मूळ योजनेत तो लिहिलेलाही आहे. प्रत्येक तालुक्याला चालकेंद्र होणार होतं, देखरेखीखाली चालायला शिकवणारं. केंद्रं झाली नाहीत. बसवणं तेवढं झालं, कारण बसवायला काही लागत नाही.

"मग आदेश मागे घ्या," मृण्मयीबाई म्हणाल्या.

"आणि ज्यांचे पाय गेले, त्यांना काय सांगायचं?" सामंतांनी विचारलं. "तुम्ही सांगाल?"

सामंतांनी मग मार्ग सुचवला. रीतसर अहवाल द्या, वर पाठवतो. पण चार-दोन अनामिक पायांवर कुणी विश्वास ठेवणार नाही. माणसं नावागावासकट हवीत, पुन्हा तपासता येतील अशी. त्या माणसांना त्रास होणार नाही, याची त्यांनी हमी दिली. मृण्मयीबाईंनी नावं दिली.

अहवाल वर गेला आणि त्या वाट पाहू लागल्या. मात्र कानिफच्या डाव्या पायाचं भाकीत पुढच्याच वर्षाचं होतं. तो पाय अहवालासाठी थांबणार नव्हता. त्या एकट्याच त्याच्या घरी गेल्या.

कानिफ ओट्यावर खुर्चीत बसला होता. शीतलने चहा आणला आणि दाराला टेकून उभी राहिली. मृण्मयीबाईंनी त्याला त्याच्याच कामाच्या भाषेत सांगायचं ठरवलं. त्या म्हणाल्या, मुख्य कालव्यात गाळ साचला तर पाणी काय करतं? जिथे वाट मिळेल तिथून आडवाटेने जातं, आणि रोज जात राहिलं की त्या आडवाटेचीच चारी होते. पायातही तसंच असतं. मोठी धमनी चोंदली तरी तिच्या आजूबाजूला केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात. माणूस दुखेपर्यंत चालला की पोटरी रक्तासाठी ओरडते, आणि ते ओरडणं ऐकून या आडवाटा रुंद होतात. बसून राहिलं की पोटरी ओरडत नाही. मग आडवाटा बुजतात. त्याचा डावा पाय अजून जिवंत आहे. कृत्रिम पाय बसवून, काठी घेऊन, रोज थोडं चाललं तर तो राहू शकेल.

कानिफने सगळं नीट ऐकलं. कालव्याचं उदाहरण त्याला लगेच कळलं होतं. म्हणूनच त्याने पुढचा प्रश्न विचारला.

"मंजी माझा उजवा पाय कशानं गेला?"

शीतलने मान खाली घातली. मृण्मयीबाईंना टाळता आलं असतं. तंबाखू होती, वय होतं, रोग तर होताच. पण त्या म्हणाल्या, "बसल्यानं."

कानिफ ओरडला नाही. त्याने चहाचा कप खाली ठेवला, मांडीवरची चादर सारखी केली आणि भरावाच्या दिशेने बघत राहिला. मग तो म्हणाला.

"म्या बसलो ते तुमच्या मोज्याच्या शबदावर. एक पाय दिला त्या शबदावर, ताई. आता तुमीच म्हनता, तो शबद खोटा व्हता. मंग आजच्या शबदावर दुसरा पाय कसा देऊ?"

त्यांनी अलकाचा पाय तपासल्याचं सांगितलं. त्याचा चेहरा एकदम कठीण झाला. बहीण चालते हे त्याला ठाऊक होतं आणि त्यामुळे वर्षभर त्यांचं बोलणं बंद होतं. ती सापडली तर कार्ड बंद होईल, मलमपट्टीलाही कुणी दारात उभं करणार नाही, असं तो म्हणाला. तिचा पाय राहिला हे तिचं नशीब. नशिबाच्या भरवशावर त्याला राहायचं नव्हतं. गावात मोज्याचं एकही भाकीत आजवर चुकलं नव्हतं. हे त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि गावापुरतं ते खरंच होतं.

शीतल त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला आली. ती एवढंच म्हणाली की ह्यांना आता निदान मोज्यावर तरी विश्वास ठेवू द्या, नाहीतर हे बसून बसून कशाचा विचार करतील?

अहवालाचं उत्तर पावसाळा संपताना आलं. वरच्या समितीने तो बारकाईने वाचला होता. चालकेंद्रांची शिफारस विचाराधीन ठेवली होती. एका बाबतीत मात्र तातडीने पावलं उचलली होती. आदेश असूनही काही लोक कडी काढून चालतात, ही गोष्ट अहवालामुळे प्रथमच उघड झाली होती, आणि त्याबद्दल डॉ. तगारे यांचे आभार मानले होते. आता नवी कडी आली, साबणाने न निघणारी, माणसाची नाडी ओळखणारी. जिल्ह्याच्या पथकाने अहवालातल्या नावांपासून सुरुवात केली. सामंतांनी फोनवर दिलगिरी व्यक्त केली. आपण दिलेली हमी आपल्या हातात नव्हती, असं ते म्हणाले. मृण्मयीबाईंनी राजीनामा दिला. तो आठवड्यात मंजूर झाला आणि गणित त्यांच्यावाचून चालत राहिलं, कारण त्यात बदलायचं काही नव्हतंच.

त्यांनी वर्तमानपत्रांना लिहिलं. दोन ठिकाणी छापून आलं. लोकांनी वाचलं, आणि ज्यांच्या घरी पाय गेले होते त्यांनीच सगळ्यांत जास्त रागावून उत्तरं दिली.

पुढच्या उन्हाळ्यात त्या तितवीच्या काठी पुन्हा गेल्या. कानिफचा डावा पाय माघातच गेला होता, भाकितापेक्षा थोडा आधी. तो आत खाटेवर झोपला होता. ओट्यावर त्याच्या जुन्या खुर्चीत अलका बसली होती. घोट्याला नवं कडं होतं. पथक आलं तेव्हा तिला स्पष्ट सांगितलं होतं की ती चालली तर कार्ड बंद होईल, आणि तेव्हा भावाच्या पायाची शस्त्रक्रिया तोंडावर आली होती. तिने शेळ्या विकल्या आणि पठार सोडून खाली राहायला आली. बहीण-भाऊ आता बोलत होते. तो तिला आक्का म्हणून हाक मारी आणि ती बसल्या जागेवरून ओ देई.

मृण्मयीबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि तिचं पाऊल हातात घेतलं. ते गार होतं. करंगळीच्या बाजूला वाटाण्याएवढा फोड होता. त्या खालच्या आवाजात बोलू लागल्या. कार्ड जाऊ दे, म्हणाल्या, उपचारांचं मी बघते, ओळखीचे डॉक्टर आहेत, दोघांचंही करू. पण उद्यापासून चालायला लाग. बाभळीपर्यंत जा, दुखलं की बस, पुन्हा ऊठ. तुला हे कुणी शिकवायला नको. अजून वेळ गेलेली नाही.

अलकाने पाऊल हळूच सोडवून घेतलं आणि लुगड्याखाली झाकलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आतून कानिफने विचारलं की कोण आलंय. तिने त्याला सांगितलं की कुणी नाही, तू झोप.

मग बाईंकडे वळून ती म्हणाली, "तुमी आला नसता तर चालतच व्हते की."